टाका न घालता: कोटेड कापड इस्त्रीने जोडून वॉटरप्रूफ पिशवी

शिलाई मशीनचा टाका ३ मिलिमीटरचा धरला, तर मीटरभर शिवणीत सुईची ३३० च्या वर भोकं पडतात. कापड कितीही भारी असलं तरी पाण्याला एवढ्या वाटा पुष्कळ झाल्या. ही तक्रार फार जुनी आहे. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसवण्याचं पेटंट घेतलं आणि त्यांच्या नावाचे रेनकोट निघाले, तेव्हासुद्धा कापड पाणी अडवायचं आणि शिंप्याच्या सुईने पाडलेली भोकं तेच पाणी आत घ्यायची.

यावर तीन उपाय आहेत. शिवणीवर सीलर, म्हणजे भोकं बुजवणारं रसायन, फासायचा, शिवणीवर आतून टेप चिकटवायची, किंवा शिवायचंच नाही. तिसऱ्या उपायात कापडावरचा थरच उष्णतेने मऊ करतात, दोन थर एकमेकांवर दाबतात आणि तसेच दाबलेले थंड होऊ देतात. यालाच हीट-सीलिंग म्हणतात. यात वेगळा गोंद लागत नाही, सुई-दोरा लागत नाही. इस्त्री करता येणाऱ्या माणसाला हे जमतं. फक्त इस्त्री करायची सवय इथे थोडी आड येते, ते पुढे सांगतो.

पहिल्यांदा करायला सगळ्यात सोयीची वस्तू म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायची ड्राय बॅग. सगळे जोड सरळ रेषेत येतात, चूक झाली तरी कापड थोडंच वाया जातं, आणि जमली की खरोखर वापरात येते. तीच इथे करू.

कापड: यावर सगळं अवलंबून आहे

कोटिंग असलेलं प्रत्येक कापड इस्त्रीने जुळत नाही. आपल्याला हवा तो थर टीपीयूचा, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचा. हा थर तापला की मऊ होतो, निवला की घट्ट होतो, आणि हे पुन्हा पुन्हा करता येतं. खालचं कापड बहुधा नायलॉन असतं. नायलॉन ६ वितळतं सुमारे २२० अंश सेल्सिअसला, नायलॉन ६६ सुमारे २६० ला, आणि पॉलिएस्टर २५० ते २६० च्या दरम्यान. टीपीयूचा थर त्याच्या बराच आधी चिकटण्याइतका मऊ होतो. या दोन तापमानांच्या मधे जी मोकळी जागा आहे, तेवढ्यात आपलं सगळं काम चालतं. ही जागा जितकी मोठी, तितकं कापड नवशिक्याला सोपं.

ताडपत्रीचं उदाहरण घ्या. निळ्या-पिवळ्या प्लॅस्टिकच्या ताडपत्रीत विणलेले धागे एचडीपीईचे, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिथिनचे असतात, ते १३० अंशांच्या आसपास वितळतात. वरचा थर एलडीपीईचा, म्हणजे कमी घनतेच्या पॉलिथिनचा, तो ११० च्या आसपास. दोन्हीत जेमतेम वीस अंशांचं अंतर. म्हणून ताडपत्री जुळते खरी, पण घरच्या इस्त्रीखाली थर चिकटेपर्यंत धागे आकसून वेडेवाकडे झालेले असतात. सुरुवात तिच्यापासून करू नका.

छत्र्या, स्वस्त रेनकोट आणि तंबू यांच्या कापडावर साधं पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं, कोटिंग असतं. नाव सारखं वाटलं तरी हा थर बहुधा अगदी पातळ असतो आणि तो पुन्हा वितळेल अशा जातीचा नसतो. असं कापड जुळलंच तर कच्चं जुळतं. सिलिकॉन लावलेलं नायलॉन तर इथे पूर्ण बाद. त्याला सिलिकॉनशिवाय दुसरं काहीच धड चिकटत नाही. पीव्हीसीचं जाड कापड उष्णतेने छान जुळतं, ट्रकवरची आच्छादनं तशीच करतात, पण ते काम गरम हवेच्या किंवा उच्च वारंवारतेच्या मशीनचं. पीव्हीसी जास्त तापलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, तो डोळ्यांना आणि घशाला जाळतो. घरात, इस्त्रीने, पीव्हीसीच्या वाटेला जाऊ नका.

विकत घेताना ‘हीट-सीलेबल टीपीयू कोटेड नायलॉन’ असंच विचारा. थर एका बाजूला आहे की दोन्ही बाजूंना, हेही विचारून घ्या, कारण जोड कसा करायचा ते त्यावर ठरतं. जाडी ७० ते २१० डेनियरच्या (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) मधली असली की हाताळायला बरी. ७० डेनियर हलकं आणि पटकन तापणारं, २१० जरा टणक, पण चुरगळ्या कमी पडतात. माझं मत विचाराल तर पहिल्या पिशवीला २१० घ्या.

दुकानदाराने काहीही सांगितलं तरी घरी एक तुकडा तपासायचाच. थराची बाजू थराच्या बाजूवर दुमडायची, वर बेकिंग पेपर ठेवायचा, मध्यम गरम इस्त्री दहाएक सेकंद दाबायची, पूर्ण निवू द्यायचं आणि सोलून बघायचं. आपसूक सुटलं, तर इस्त्री थोडी वाढवून आणखी एक-दोनदा बघा. तरी सुटत असेल, तर ते कापड या कामाचं नाही.

हाताशी काय हवं

इस्त्री लहान असली तर उत्तम. हस्तकलेच्या कामाची किंवा मॉडेल विमानांवर फिल्म चढवायची छोटी इस्त्री मिळते, तिचा तळ दोन-तीन बोटं रुंद असतो. घरची साधी इस्त्रीही चालते, पण वाफ बंद आणि पाण्याची टाकी पूर्ण रिकामी हवी. वाफेच्या भोकांखाली दाब पडत नाही, त्यामुळे जोडावर इस्त्रीच्या तळाचा भोकं नसलेला भाग, बहुधा टोकाचा किंवा कडेचा, आला पाहिजे.

इस्त्रीवरच्या ठिपक्यांचा अर्थ असा: एक ठिपका साधारण ११० अंश, दोन १५०, तीन २००. पण इस्त्रीचा थर्मोस्टॅट तापमान एका जागी धरून ठेवत नाही. दिवा विझतो तेव्हा तळ सगळ्यात गरम असतो, मग तो निवत जातो, पुन्हा दिवा लागतो. हा फरक आपल्या कामाला पुरेसा मोठा आहे. त्यामुळे दर वेळी एकाच क्षणी, समजा दिवा विझल्यावर दहा सेकंदांनी, दाबायची सवय लावून घ्या. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, हे ध्यानात ठेवा. त्यापेक्षा इस्त्रीच्या चकतीवर पेनने खुणा केलेल्या बऱ्या.

खाली ठेवायला प्लायवूडची फळी घ्या, वर सिलिकॉनची पातळ चटई किंवा सुती कापडाच्या दोन घड्या. ओट्याच्या दगडावर किंवा लोखंडावर काम करू नका, ते उष्णता ओढून घेतात आणि जोडाची खालची बाजू कच्ची राहते. कापड आणि इस्त्री यांच्यात सिलिकॉन लावलेला बेकिंग पेपर हवा. मेणाचा कागद चालत नाही, मेण वितळून जोडात उतरतं. टेफ्लॉनचा तक्ता जास्त टिकतो, पण त्याला २६० अंशांच्या पुढे नेऊ नये. घरात पक्षी पाळले असतील तर टेफ्लॉन अजिबात नको, जास्त तापलेल्या टेफ्लॉनचा धूर पक्ष्यांच्या जिवावर बेततो.

याशिवाय सपाट बुडाचा एक थंड लाकडी ठोकळा, धारदार कातरी, पट्टी, बाइंडर क्लिपा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारं फडकं. टाचण्या मात्र डब्यातच राहू द्या. भोकं टाळायलाच तर हा सगळा खटाटोप.

जोड कोणत्या दिशेने ओढला जाणार?

वेफर्सचं पाकीट डोळ्यांसमोर आणा. त्याचा वरचा जोड दोन्ही बाजूंना बोटांनी धरून फाकवला की सहज उघडतो. आता त्याच दोन पट्ट्या एकमेकींवर चढवून चिकटवल्या असत्या आणि तुम्ही त्या दोन टोकांनी विरुद्ध दिशांना ओढल्या असत्या, तर पाकीट फाटलं असतं, जोड सुटला नसता. चिकटलेलं क्षेत्र तेवढंच, उष्णता तेवढीच, पण सोलताना सगळा जोर एका बारीक रेषेवर येतो आणि सपाट ओढताना तो अख्ख्या रुंदीवर वाटला जातो.

हे हातानेच बघा. अडीच सेंटीमीटर रुंदीच्या चार पट्ट्या कापा. दोन पट्ट्या थराला थर ठेवून फक्त एका टोकाला, दोन सेंटीमीटर, जोडा आणि मोकळी टोकं फाकवून सोला. उरलेल्या दोघींपैकी एक उलटी ठेवा, म्हणजे थराकडे थर येईल, पण त्या एकमेकींच्या पुढे लांबीत येतील आणि दोन सेंटीमीटरच एकमेकींवर चढतील. तेवढं जोडा आणि लांबीत ओढा. पहिली जोडी दोन बोटांच्या ताकदीने हार मानते, दुसरी दोन्ही मुठींनी ओढूनही बहुधा दाद देत नाही. नवशिक्याने तापमानाच्या आकड्यांमागे लागण्याआधी हा प्रयोग करावा असं मी म्हणेन, कारण पुढचं सगळं डिझाइन यातून सुचतं.

जोडांना कामापुरती नावं देऊ. दोन कडा थराला थर लावून जोडल्या आणि त्या बाहेर पंखासारख्या राहिल्या, तो कडजोड. करायला सोपा, पण पिशवी फुगली की सोलला जातो. एका तुकड्याची कड दुसऱ्याच्या वर चढवली, तो चढजोड. हा ताकदवान, पण कापडाला दोन्ही बाजूंना थर असेल तरच नीट होतो, नाहीतर एका बाजूला नुसती वीण समोर येते. तिसरा पट्टीजोड: दोन कडा एकमेकींना टेकवायच्या आणि थराच्या बाजूने त्याच कापडाची तीन-चार सेंटीमीटर रुंद पट्टी दोघींवर बसवायची. एकाच बाजूला थर असलेल्या कापडालाही सपाट ओढला जाणारा जोड असा मिळतो. हवा भरायच्या वस्तू करताना याचाच आधार असतो.

आपल्या पिशवीला कडजोड पुरेल. तिच्यात हवेचा दाब नसतो. आणि बूड दुमडीतून काढणार असल्यामुळे तिथे दोन कोपरे सोडले तर जोडच येत नाही.

नमुना पट्ट्या: हा भाग गाळू नका

ज्या कापडाची पिशवी करायची, त्याच कापडाच्या डझनभर पट्ट्या कापा, प्रत्येक अडीच सेंटीमीटर रुंद, पंधरा लांब. प्रत्येक पट्टी थर आत ठेवून दुमडा, दुमडीपासून दूर मोकळ्या टोकांकडे दोन सेंटीमीटर सोडा (सोलताना धरायला), आणि त्याच्या आत दोन सेंटीमीटरचा पट्टा जोडा. पहिली पट्टी दोन ठिपक्यांच्या जरा खाली, आठ सेकंद. मग चकती थोडी थोडी वाढवत न्या, वेळ तीच ठेवा. प्रत्येक पट्टीवर चकतीची खूण आणि सेकंद लिहा. लिहिलं नाही तर चौथ्या पट्टीनंतर काहीच आठवत नाही.

सेकंद संपले की इस्त्री उचला आणि त्याच क्षणी थंड ठोकळा दाबून धरा, कापड हाताला गार लागेपर्यंत. जोड पक्का होतो तो इथे. इस्त्रीखाली असताना थर नुसता मऊ लगदा असतो, त्याला ताकद नसते. ठोकळा ठेवायला उशीर झाला, तर कापड स्वतःच्या ताठपणाने उचललं जातं आणि मधे हवा शिरते. गरम असताना सोलून बघण्याचा मोह आवरा, गरम जोड सगळेच सुटतात. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी सोला.

सोललेली पट्टी उजेडात धरून बघा. दोन्ही बाजू गुळगुळीत आणि चकचकीत दिसल्या, थर जिथल्या तिथे राहिला, तर उष्णता कमी पडली. एका बाजूचा थर कापडावरून उपटून दुसऱ्या बाजूला गेला आणि खाली नुसती वीण उघडी पडली, तर हवं ते मिळालं: दोन थर एकमेकांना इतके घट्ट जुळलेत की कापडावरची त्यांची पकडच आधी सुटली. त्यापुढे काही मागू नका. चट्टे दिसले, म्हणजे एक पट्टा उपटलेला आणि शेजारचा गुळगुळीत, तर दाब सारखा नव्हता किंवा कापडाला बोटांचं तेल लागलं होतं. आणि जोड कडक, पिवळट, आकसलेला झाला, थरात बारीक फुगे आले, तर जास्त तापलं.

फुग्यांचं आणखी एक कारण असतं, ते म्हणजे ओल. नायलॉन आणि टीपीयू दोन्ही हवेतलं पाणी शोषतात. दमट दिवसांत कापड आधी काही तास कोरड्या, उबदार जागी पसरून ठेवा. फुगे तेवढ्याने गेले तर इस्त्रीचा दोष नव्हता.

थर उपटून वीण उघडी पडलेली जी सगळ्यात कमी उष्णतेची पट्टी असेल, तिच्यापेक्षा किंचित वर काम करायचं. अगदी वरच्या टोकाला नको, कारण थर्मोस्टॅटची चढउतार तुम्हाला पलीकडे ढकलेल. ती पट्टी भिंतीवर चिकटवून ठेवा. कापडाचा नवा तागा आणलात तर पट्ट्या पुन्हा करायच्या, रंग बदलला तरीही.

पिशवी

कापड ३४ सेंटीमीटर रुंद आणि १०० लांब कापा. मधोमध दुमडल्यावर ३४ बाय ५० चं पाकीट होतं. दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटीमीटर जोडात गेले की आतली रुंदी ३० उरते. बूड चौकोनी केल्यावर आणि तोंड गुंडाळल्यावर सहा-सात लिटर सामान मावेल.

कापताना कातरी किंवा फिरती सुरी वापरा. तापवलेल्या सुरीने कापलं तर कडेला वितळलेल्या धाग्याची बारीक गाठ येते आणि ती जोडाला नीट टेकू देत नाही. खुणा थर नसलेल्या बाजूला करा. खडू नको, त्याची भुकटी जोडात गेली की तिथे चिकटणारच नाही.

जोडाच्या कडा थराच्या बाजूने अल्कोहोलने पुसा. मग थांबा. पूर्ण उडून जाऊ द्या, कारण ते पेट घेतं आणि शेजारी गरम इस्त्री आहे. यानंतर त्या कडांना बोट लावायचं नाही.

थर आत ठेवून कापड दुमडा, कडा जुळवा, क्लिपा लावा. आता लगेच एका टोकाने सुरू करू नका. वरचं कापड इस्त्रीबरोबर किंचित पुढे सरकत जातं आणि शेवटी अर्धा सेंटीमीटर उरलेलं कापड चुरगळीत जातं. त्याऐवजी इस्त्रीच्या टोकाने दर दहा सेंटीमीटरला एकेक ठिपका चिकटवून घ्या, आधी मध्यावर, मग दोन्ही टोकांकडे.

आता खरा जोड. इथेच कपड्यांना इस्त्री करायची सवय आड येते, हात आपोआप पुढे-मागे जातो. सरकवायचं नाही. ठेवा, दाबा, सेकंद मोजा, उचला, ठोकळा ठेवा, निवू द्या, पुढे जा. पुढचा ठसा मागच्याच्या निदान एक तृतीयांश भागावर आला पाहिजे. दोन सेंटीमीटरची पूर्ण रुंदी जुळवा आणि आतली रेषा पट्टीने आखल्यासारखी सरळ ठेवा, कारण सोलणारा ताण आधी तिच्यावर येतो. ती वेडीवाकडी असली तर प्रत्येक आत आलेलं टोक सुटायला सुरुवात करून देतं. घाई केली तरी पन्नास सेंटीमीटरच्या जोडाला पंधरा-वीस मिनिटं जातातच.

दोन्ही बाजू झाल्या की बूड. पिशवीत हात घालून खालचा एक कोपरा असा चपटा करा की बाजूचा जोड बुडाच्या दुमडीवर बरोबर मधोमध येईल आणि समोर त्रिकोण दिसेल. त्रिकोणाच्या आतल्या टोकापासून (जोडाची आतली रेषा दुमडीला मिळते तिथून) सहा सेंटीमीटरवर आडवी रेषा आखा, ती बारा सेंटीमीटर लांब भरेल. तिच्यापासून टोकाकडे दीड-दोन सेंटीमीटरचा पट्टा जोडा. दुसरा कोपराही तसाच. बूड अठरा बाय बाराचं होतं आणि पिशवी उभी राहते. उरलेला त्रिकोण कापून टाका किंवा ठेवा, त्यात भोक पाडलं तर दोरी बांधायला कडी मिळते, आणि भोक जोडाच्या पलीकडे असल्यामुळे पाणी आत जात नाही.

पहिली गळती सापडते ती बहुधा याच जागी. आडवा जोड बाजूच्या कडजोडावरून जातो तिथे कापडाचे दोनऐवजी चार पदर येतात. पदरांच्या पायरीपाशी इस्त्री पूल बांधते, पुलाखाली केसाएवढा बोगदा राहतो. त्यावर इलाज दोन. बाहेरची कड तेवढ्या भागात एका बाजूला पाडून आधी इस्त्रीने चपटी करून घ्या. आणि त्या जागी दुप्पट वेळ द्या, इस्त्रीच्या टोकाने पायरीच्या दोन्ही अंगांना वेगळा दाब देऊन. पिशवी उलटवून उलट बाजूनेही एकदा दाबलंत तर उत्तम.

तोंडाला मात्र शिलाई चालते. वरच्या कडेला २५ मिलिमीटरची नायलॉनची पट्टी शिवा, तिच्या दोन टोकांना बकलाचे दोन भाग. ही भोकं गुंडाळीच्या आत सगळ्यात आधी जातात. बंद करताना निदान तीन वेढे द्यायचे, मग बकल. दोन वेढ्यांची पिशवी पावसाला पुरते, पाण्यात पडल्यावर तिचा भरवसा नाही.

बुडवून बघा

पिशवीत हवा कोंडून तोंड गुंडाळा, बादलीत बुडवा आणि दोन्ही हातांनी दाबा. जोडाला चिकटून बसलेला एखादा बुडबुडा म्हणजे गळती नव्हे, कापडाबरोबर आत गेलेली हवा असते. एकाच जागेवरून माळेसारखे बुडबुडे निघत राहिले, तर ती गळती. तोंडातूनही थोडी हवा सुटते, ती वेगळी ओळखा. मोठी बादली नसेल तर जोडांवर साबणाचं पाणी फासा, फेस फुगेल तिथे खूण करा.

रात्रभर फुगवून ठेवून सकाळी मऊ लागली म्हणून लगेच निराश होऊ नका. खोलीचं तापमान दहा अंशांनी उतरलं तर आतली हवा सुमारे तीन टक्के आकसते. पुन्हा ऊन चढल्यावर ताठ झाली, तर पिशवी ठीक आहे.

गळती जोडातच असेल तर पिशवी पूर्ण वाळवून तोच भाग पुन्हा तापवा आणि दाबा. टीपीयूचा हा मोठा गुण, तो पुन्हा वितळतो. भोक कापडाच्या मधे असेल तर पिशवी उलटी करा आणि त्याच कापडाचं ठिगळ थर खाली ठेवून लावा, भोकापासून सगळीकडे अडीच-तीन सेंटीमीटर पुढे जाईल एवढं. ठिगळ गोल कापा, टोकदार कोपरे उचकटतात. कापडाला दोन्ही बाजूंना थर असेल, तर इस्त्री करताना पिशवीच्या पोटात बेकिंग पेपर सरकवायला विसरू नका, नाहीतर दोन्ही भिंती एकमेकींना जुळून बसतील आणि त्या सुटताना थर घेऊनच सुटतील.

पुढे जायचं असेल तर

आधीच शिवलेल्या पीयू कोटिंगच्या वस्तूवर सीम टेप लावणं हे याच कामाचं सोपं भावंड. टेपच्या एका बाजूला वितळणारा गोंद असतो, ती शिवणीवर थराच्या बाजूने बसवायची, शिवण आधी अगदी सपाट पाडून घ्यायची आणि टेपची मधली रेषा टाक्यांवर ठेवायची. सिलिकॉनच्या कापडाला ही टेप लागत नाही, त्याला सिलिकॉनचाच सीलर.

हवेची उशी किंवा बसायची गादी करायची असेल, तर झडप टीपीयूच्या कड्याचीच घ्या. कापड सपाट असतानाच, बाकी जोड करायच्या आधी, ती बसवावी. मागाहून तिथे इस्त्री पोचत नाही. गोल वळणाच्या जोडाला बाहेरच्या कडेला दर दोन सेंटीमीटरला छोटे काप द्या, म्हणजे कापड वळेल. काप जोडाच्या आतल्या रेषेपर्यंत मात्र जाता कामा नयेत.

लाइफ जॅकेट, किंवा ज्यावर पाण्यात जीव अवलंबून राहील अशी कुठलीही वस्तू घरी जोडू नका. ड्राय बॅग गळली तर कपडे भिजतात, तेवढ्यावर भागतं.

खिडकी उघडी ठेवून काम करा. धूर किंवा झणझणीत वास येण्याएवढी इस्त्री तापवायची वेळच येऊ नये. पॉलियुरेथेन जळलं की त्यातून निघणारे वायू श्वासाला त्रास देतात. तसा वास आलाच तर इस्त्री बंद करून खोलीबाहेर या.

वापरून झाल्यावर पिशवी उलटी करून वाळवा आणि गुंडाळी सोडून, सैल घडी घालून, सावलीत ठेवा. ओल आणि उष्णता एकत्र आली की पॉलियुरेथेनचे काही प्रकार काही वर्षांत चिकट होऊन सुटायला लागतात. जुन्या तंबूंच्या आत हात फिरवला की जो चिकटपणा लागतो तो हाच. कापड घेताना पॉलिईथर जातीचं टीपीयू मिळालं तर ते ओलीला जास्त तोंड देतं.